कोऱ्या प्लॅस्टिकला चिखल

टेम्पोतून पहिलं पोतं खाली आलं. मी त्याचं तोंड सोडलं, सवयीनं नाक मागे घेतलं, आणि वासच आला नाही.

"ओ भाऊ, हे कुठलं आणलंय?"

"मॅडमनी पाठवलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"ते कळलं. उचललं कुठनं?"

"कारखान्यातनं थेट. सकाळी मशीनवरनं उतरलं, दुपारी तुमच्या दारात." बेकरीतून गरम पाव आणल्यासारखं त्यानं सांगितलं.

आमच्या दारात येणाऱ्या पोत्याला वास नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. वेफर्सच्या खवट तेलाचा, गुटख्याच्या पुडीचा, शाम्पूचा आणि त्या सगळ्यावर नदीकाठच्या कुजक्या गाळाचा, असा एक मिश्र वास असायचा. तो माझ्या पदराला कायमचा चिकटला होता. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नाव सुगंधा, आणि ही आली की खिडक्या लावून घ्यायची वेळ. मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. म्हणायचे, वेफर्स तुमच्याच पोरांनी खाल्लेत, मी फक्त तुमचा वास तुम्हाला परत आणून देते.

पोत्यात हात घातला तर आत लोडाएवढा जाड गुंडाळा. लालपिवळा, चकचकीत, एकाच वेफर्स कंपनीचं नाव एकाखाली एक छापलेलं. कुठं घडी नाही, चुरगळलेलं नाही, दातांनी फाडल्याची खूण नाही. त्यात कधी एक वेफर पडला नव्हता.

यल्लवा धुण्याच्या हौदावरून हात पुसत आली. गावचा कचरा वेचण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं, आणि आता आमच्याकडे वेष्टनं निवडून धुणाऱ्या तिघी बायकांची ती मुकादम. तिनं गुंडाळ्यावरून बोट फिरवलं.

"वैनी, ह्येला साबण लावू का हळदकुंकू?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

हे सगळं सुरू झालं महापुरानंतर. आमचं गाव इचलकरंजीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठावर. पाणी उतरलं तेव्हा काठच्या सगळ्या बाभळींवर शेंड्यापर्यंत प्लॅस्टिकची वेष्टनं लटकत होती. भंगारवाला बाटली नेतो, फुटकी बादलीही नेतो. या चकचकीत वेष्टनाला मात्र तो हात लावत नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि चांदीसारखा थर असे एकमेकांना चिकटलेले असतात की ते वेगळे करता येत नाहीत आणि वितळवून त्याचं काही होत नाही. ते जाळायचं नाहीतर नदीला द्यायचं, एवढंच.

तेव्हा पुण्याहून मदत घेऊन आलेल्यांत शर्वरी होती. कापडाचंच शिक्षण घेतलेली मुलगी. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांचा खड्ड्यातला हातमाग तिनं आमच्या पडवीत पाहिला. आधीच बंद पडलेला, त्यात खड्डा पुराच्या गाळानं भरलेला. ती म्हणाली, "काका, आडव्या धाग्याच्या जागी या वेष्टनांच्या पट्ट्या घातल्या तर?" अण्णांना वाटलं, पोरगी पुरात घाबरलेली दिसते. पण तिनं पाठ सोडली नाही. स्वतः बाभळीवर चढली, वेष्टनं काढली, तळहातात हा एवढा काटा मोडून घेतला. यल्लवानं तो सेफ्टीपिननं काढला, तर पोरगी रडता रडता हसत होती. मला तेव्हा ती फार आवडली. तिनं आरंभापासून लबाडी केली असती तर मला एवढा राग आलाच नसता.

कापड निघालं. उभा ताणा सुताचा, आडवी वेष्टनाची पट्टी. जाडसर, जरा कुरकुरणारं, उन्हात धरलं की मध्येच चमकणारं. पुण्यात त्याची जॅकेटं शिवली जाऊ लागली. एका पुडीची पट्टी ती केवढी असणार? हातभर विणलं नाही तोवर संपायची, मग दुसरी जोडायची. सगळ्या कापडात सांधेच सांधे. अण्णा दिवसभर त्या सांध्यांना शिव्या घालायचे आणि दिवसभर विणायचे. गल्लीत एकेकाळी घरोघरी हातमाग होते. पॉवरलूम आले आणि हातमागांचं सरपण झालं. उरला तो एकटा अण्णांचा. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ह्यो माग माझ्याआधी थांबायचा न्हाई. मी गेल्यावर काय करायचं ते करा." शर्वरीच्या कामामुळे तो पुन्हा चालू झाला होता. आमच्या घरात या एका गोष्टीपुढं बाकी सगळं दुय्यम होतं.

आमच्या गल्लीची एक रीत इथंच सांगून टाकते. विणलेलं कापड पुरं झालं की ते ताण्याचे धागे ओवलेल्या फणीच्या पुढून कापायचं. फणीतून आरपार गेलेली जुन्या ताण्याची टोकं तशीच लोंबत ठेवायची आणि नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा एकेका जुन्या टोकाला पिळून जोडायचा. म्हणजे आज अण्णा विणत होते तो धागा मागं मागं जात त्यांच्या वडिलांच्या धाग्याला जोडलेला. माग कधी रिकामा होत नाही. फणीच्या मागून कात्री लावतात ती एकदाच, विणकर गेल्यावर. घरातला थोरला मुलगा लावतो आणि गल्ली डोक्यावरून पदर घेऊन उभी राहते.

मी शर्वरीला फोन लावला.

"मॅडम, हे सगळं कोरं आलंय."

"हो ना, सुगंधाताई! आता धुवायची कटकटच नाही. कंपनीनं स्वतःहून दिलंय. त्यांच्या वर्धापनदिनाला सगळ्या स्टाफला आपली जॅकेटं देणार आहेत. एवढी मोठी ऑर्डर आपल्याला कधी मिळाली नव्हती."

"मग गोळा केलेली वेष्टनं पाठवा की. विणून देतो."

"अहो, त्यात सगळ्या कंपन्यांची येतात. गुटख्याच्या पुड्या येतात. यांच्या जॅकेटवर दुसऱ्यांचं नाव कसं चालेल?"

"पण हा कचरा नाही, मॅडम."

ती मग हसून म्हणाली, "कधीतरी होणारच होता ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि जॅकेटच्या चिठ्ठीवर काय लिहिणार? नदी वाचवली म्हणून?"

"ताई, तुम्ही फार ताणताय. ही ऑर्डर गेली तर माझ्याकडे दुसरं काम नाही. काकांचा माग चालायला हवाय ना तुम्हाला?"

माग चालायलाच हवा होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. यल्लवाचं काय, असं विचारलं तर म्हणाली, त्यांना थोडे दिवस सुट्टी द्या.

मला वाटलं होतं तेवढं अण्णांना वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर ते खूश झाले. कोऱ्या गुंडाळ्याची पट्टी कापावी तेवढी लांब. कांडी भरली की धोटा सुटलाच, सांधा नाही की अडणं नाही. कित्येक वर्षांत त्यांच्या मागाचा असा एकसारखा आवाज मी ऐकला नव्हता. म्हातारा बसल्याजागी मान डोलवत होता.

"अण्णा, हा कचरा नव्हे. फसवणूक चाललीय."

"माग इचारतोय व्हय, कचरा हाय का कोरं? त्यो चालतोय न्हवं?"

"तुम्ही तरी विचारा."

"सुगंधा, पूर आला तवा ह्यो खड्डा गाळानं भरलेला. मी हातानं उपसलाय. आता पुन्ना थांबला तर माझ्यानं उपसायचा न्हाई." आणि त्यांनी धोटा मारला.

मला ते गिळता येईना. यल्लवा रोज सकाळी यायची, कोरड्या हौदाच्या कठड्यावर बसायची आणि मागाचा आवाज ऐकून निघून जायची. ती बाकीच्या तिघींना काय सांगत होती कोण जाणे. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते आणि सगळा राग भांड्यांवर काढत होते.

ऑर्डर पुरी होत आली तेव्हा शर्वरी स्वतः आली. बरोबर कंपनीचा एक माणूस आणि कॅमेरा घेतलेले दोघं. फिल्म काढायची होती. नदीतला कचरा ते अंगातलं जॅकेट, असा सगळा प्रवास. पांढरा खादीचा कुडता घातलेली शर्वरी सगळ्यांना नमस्कार करत फिरली. यल्लवालाही निरोप गेला होता. ती तिघींना घेऊन, चांगलं लुगडं नेसून आली. तिला वाटलं, काम परत सुरू झालं.

"आधी धुण्याचा सीन घेऊ," शर्वरी म्हणाली.

"धुवायला हाय काय?" यल्लवानं विचारलं.

तिचंही बरोबर होतं. आमच्याकडे एकही मळकी पुडी उरली नव्हती. शर्वरीनं सगळीकडे पाहिलं, कंपनीच्या माणसाशी काहीतरी कुजबुजली. मग तिनं कोऱ्या गुंडाळ्यातून पुड्यांएवढे तुकडे कापायला लावले. कॅमेरावाल्यातला एकजण नदीकडे गेला आणि घमेलंभर काळा चिखल घेऊन आला.

"मावशी, हे जरा चुरगाळा. आणि चिखल लावा थोडा. मग धुवा."

यल्लवानं एकदा घमेल्याकडे पाहिलं, एकदा त्या कोऱ्या तुकड्यांकडे.

"जलमभर घाण धुतली बाई," ती म्हणाली. "घाण लावायचं काम पयल्यांदाच मिळतंय."

कॅमेरावाले खळखळून हसले. त्यांना वाटलं, मावशी विनोदी आहे.

"मॅडम, लाज वाटत नाही का?" मी ओरडलेच. "नदीकाठ इथून हाकेच्या अंतरावर आहे. बाभळी अजून तशाच आहेत. जा, पाहिजे तेवढं खरं लटकलंय तिथं."

"ताई, प्लीज. तिथं उजेड नीट नाही. आणि तिथल्या वेष्टनांवर..."

"दुसऱ्या कंपनीचं नाव आहे!"

कंपनीचा माणूस फोनमध्ये बघू लागला. शर्वरी माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "पाच मिनिटांचं काम आहे. सगळं बरोबर चाललंय ते बिघडवू नका. काकांसाठी तरी."

"अण्णांचं नाव घ्यायचं नाही!"

"सुगंधा!" पडवीतून अण्णांचा आवाज आला. "गप बस. करू दे त्यास्नी त्यांचं काम."

त्या क्षणी मला शर्वरीपेक्षा अण्णांचा राग आला. हे जन्मात कुणापुढं वाकले नाहीत. सोसायटीच्या चेअरमनला तोंडावर चोर म्हणणारा माणूस, आणि आता मला गप्प करतो. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बायकांनी कोऱ्या प्लॅस्टिकला चिखल फासला आणि कॅमेऱ्यापुढं धुतला. यल्लवाला दोनदा सांगावं लागलं, चेहरा जरा हसरा ठेवा.

मग सगळे पडवीत आले. अण्णा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले. शर्वरीनं एक ओली पट्टी त्यांच्या हातात दिली.

"काका, ही अशी धरा आणि म्हणा, ही आमच्या पंचगंगेतून निघाली."

अण्णांनी पट्टी उजेडाकडे धरली. पाण्याचा एक थेंब त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

"आमच्या पंचगंगेतनं?"

"हो. आणि थोडं हसा."

ते हसले नाहीत. पट्टी मांडीवर ठेवून त्यांनी शर्वरीकडे पाहिलं.

"बाई, तवा तुमच्या हातात काटा मोडलेला. कुठल्या हातात वो?"

"काटा? कधी?"

"बाभळीचा. पुरानंतर. ह्या यल्लवानं काढला."

शर्वरीनं आपले दोन्ही तळहात पाहिले. खरंच पाहिले, हे मी सांगते. मग ओशाळून हसली. "अय्या, हो का? नाही आठवत, काका. चला, घेऊया?"

यल्लवा दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

अण्णांनी मांडीवरची पट्टी शेजारी ठेवली. मग मला म्हणाले, "सुगंधा, कात्री दे."

मला वाटलं, पट्टीचं टोक नीट करायचं असेल. मी कोनाड्यातली मोठी कात्री दिली. अण्णा पुढं वाकले, एका हातानं फणी पुढं ओढली आणि कात्रीचं पातं तिच्या मागं घातलं.

"अण्णा!"

माझा आवाज निघाला तोवर पहिला मूठभर धागा तुटला होता. करकर करत दुसरा, मग तिसरा. ताणलेला ताणा सुटला की एकदम ढिला पडतो, तसा तो ढिला पडत गेला. फणीतली टोकं एकेक करून सरकली आणि खड्ड्यात पडली. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली धाग्यांची साखळी तिथं तुटली. अण्णांचा हात एकदाही थांबला नाही. शेवटचा धागा कापून त्यांनी कात्री पट्टीवर ठेवली आणि खड्ड्यातून पाय वर घेतले.

मागं यल्लवानं डोक्यावर पदर घेतला.

आणि टाळ्या वाजल्या. कॅमेरावाला, कंपनीचा माणूस, शर्वरी, सगळे टाळ्या वाजवत होते. "वा! कापड तयार! काका, काय टायमिंग आहे तुमचं!"

मी अंगणात गेले. घमेल्यात चिखल उरला होता तो उचलला आणि कडेला रचलेल्या सगळ्या कोऱ्या गुंडाळ्यांवर ओतला. हौदातलं पाणी वर मारलं. शर्वरी धावत आली, "ताई, काय करताय?"

"न्या. आता झालाय कचरा."

ती पुष्कळ बोलली. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कंपनीच्या माणसाची गाडी आधी निघाली, मग तिची. विणलेलं कापड तेवढं त्यांनी घेतलं. चिखलातले गुंडाळे आमच्याच दारात राहिले.

आठवडाभर अण्णा मागाजवळ फिरकले नाहीत.  चूल, जेवण, पेपर, सगळं रोजच्यासारखं. पडवी मात्र गप्प होती.

मग एके दिवशी दुपारी शेजारच्या गल्लीतले चंद्राप्पा आले. अण्णांच्या बरोबरीचे, स्वतः एकेकाळचे विणकर. टोपी हातात घेतलेली, चपला रस्त्यातच काढलेल्या, पाठीमागं त्यांची सून पदर डोक्यावर घेऊन. मला दारात बघून त्यांचे डोळे भरून आले.

"कधी गेला गं अण्णा? आमाला सांगायचं तरी..."

मला काही समजेना. सुनेनं फोन पुढं केला. कंपनीची फिल्म. बासरी वाजतेय, यल्लवा हसत चिखल धुतेय आणि शेवटी अण्णांचे नुसते हात फणीच्या मागून कात्री चालवताहेत, सावकाश, मोठे करून दाखवलेले. खाली अक्षरं: आणि जन्म घेतं एक नवं कापड. पुण्यामुंबईच्या लोकांना त्यात कापड जन्मलेलं दिसलं असेल. आमच्या लोकांना त्यात मयत दिसलं. विणकर स्वतः कसा कापील, ते हात मुलाचेच असणार, असंच जो तो धरून चालला. चंद्राप्पांच्या मागून आणखी चौघं येताना दिसले, सगळ्यांच्या टोप्या हातात.

त्याच वेळी माझा फोन वाजला. शर्वरी होती. इतक्या दिवसांनी, आवाज लोण्यासारखा. "सुगंधाताई, झालं गेलं विसरून जाऊ. फिल्म तुफान चाललीय. काकांचा तो कापण्याचा शॉट तर सगळ्यांना इतका आवडलाय!"

"त्या शॉटमुळं दारात माणसं मातीला आलीत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी फोन ठेवला. आजपर्यंत तिला म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. अजूनही दर वर्षी पाच जूनला, पर्यावरण दिनाला, कुणीतरी कौतुकानं मला ती फिल्म पाठवतं आणि माझं डोकं त्या दिवशीसारखंच सणकतं.

अण्णा मागच्या दारानं आले, हातात भुईमुगाच्या शेंगा भरलेलं सूप. चंद्राप्पा त्यांना बघून जागच्या जागी बसले.

"अरं मर्दा, तू हैस?"

"हाय की."

"मग कापलंस कशाला? कोण गेलं?"

अण्णांनी सूप मध्ये ठेवलं. एक शेंग फोडून दाणे चंद्राप्पांच्या हातावर ठेवले. दाराशी रांगेनं उभ्या राहिलेल्या माणसांकडे त्यांनी पाहिलं, आणि रिकाम्या मागाकडे पाहिलं.

"माग गेला," ते म्हणाले. "आलासा ते बरं झालं. त्येच्या मातीला कुणीच न्हवतं."